आत्तींना ‘बंद करा’ म्हणू नकोस

बाई, मी भुदरगड तालुक्यात डोंगराकडेच्या एका गावात 9 वर्षं आशा कार्यकर्ती आहे. आमच्या आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, या भागातल्या जुन्या सुईण. वय 75. निम्मं गाव त्यांच्या हातावर झालंय. मी बायकांना दवाखान्यात न्यायचं काम करते आणि माझ्याच घरात सुईण, म्हणून सिस्टर मला मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत बोलल्या. ते कळल्यावर आत्ती दोन दिवस जेवल्या नाहीत. वर धनगरवाड्यावरची एक बाई दुसऱ्यांदा गरोदर आहे. सातवा सरलाय, रक्त (हिमोग्लोबिन) 8 आहे. पहिल्या खेपेला दवाखान्यात तिच्या मांडीवर मारलं, नको नको ते बोलले, टाके घालताना भूल दिली नाही. ती म्हणते, मेले तरी तिथं जाणार नाही, म्हातारीलाच बोलवा. आत्ती तिला नाही म्हणत नाहीत. मी कुणाच्या बाजूनं उभी राहू? आत्तींना आता हे कायमचं बंद करा म्हणून सांगू का? नणंदेची लेक बारावीला आहे, तिला आजीसारखं व्हायचंय. तिला काय सांगू?
— एक आशा

पोरी, तू मला ‘बाई’ म्हणालीस, तेव्हा मीही अगं-तुगंच करते. 31 वर्षं मी याच जिल्ह्यात नर्स होते, त्यातली पहिली 12 उपकेंद्रात. तुझ्या पत्रातली ती बाई, आत्ती आणि सिस्टर, तिघीही मला चांगल्या ओळखीच्या आहेत. त्यातली सिस्टर तर जास्तच. ते पुढं सांगते.

आधी वाड्यावरच्या बाईचं बोलू, कारण घाई तिथं आहे.

तिचं बाळंतपण घरी होऊ द्यायचं नाही. आत्तींच्या हातून नाही, दुसऱ्या कुणाच्याही हातून नाही. मूल झालं, वार पडली, की गर्भाशयानं मूठ वळल्यासारखं आवळून बसायचं असतं. ते सैल राहिलं तर वारेच्या जागच्या शिरा उघड्याच राहतात आणि रक्त थांबत नाही. चांगली धडधाकट बाईसुद्धा दोन तासांत हातची जाते. रक्त 8 असलेल्या बाईच्या नशिबात तेवढाही वेळ नसतो. पोट चोळून गर्भाशय आवळून आणणं आत्तींना येत असणार, जुन्या सुइणींना ते करताना मी डोळ्यांनी पाहिलंय. पण ज्या दिवशी चोळून भागत नाही त्या दिवशी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन लागतं, सलाईन लागतं, कधी रक्ताच्या पिशव्या लागतात. वाड्यावर यातलं काहीही नाही. आणि तिचे दिवस भरणार ते श्रावण-भाद्रपदात. 108 ला फोन लागला तरी गाडी डांबरीवरच उभी राहणार. वरून खाली येईपर्यंत झोळी, चिखल आणि मधला ओढा.

म्हणून या आठवड्यातच तिला पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन डॉक्टरांना दाखव. लोहाच्या गोळ्या ती कशा घेते ते नीट विचार. चहाबरोबर घेत असेल तर अंगाला लागत नाहीत, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यायला सांग. पण सातवा सरलेल्या बाईचं रक्त 8 असताना नुसत्या गोळ्यांवर विसंबून महिना घालवायचा नाही. शिरेतून लोह देता येतं. द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील, विचारायचं काम तुझं. दुसरं, शेवटचे पंधरा दिवस तिला खाली आणून ठेव. आदिवासी भागांत सरकारनं दवाखान्याशेजारी ‘माहेरघर’ नावाची अशीच सोय केली आहे, आधीच येऊन राहायची. तुमच्याकडे ती नसेल तर गारगोटीत तिचं कुणी मावशी-मामा आहे का बघ. वर मेंढरं आहेत, पहिलं पोर आहे, त्यांची व्यवस्था लावल्याशिवाय ती हलणार नाही, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. त्याचं आत्ताच तिच्या नवऱ्याशी आणि सासूशी बोल.

आता ती ‘मेले तरी जाणार नाही’ म्हणते त्याकडे येऊ. मीटिंगच्या वहीत तिच्या नावापुढं ‘ऐकत नाही’ असं लिहू नकोस. तिला मारलंय. मार खाल्लेलं माणूस त्या दाराशी पुन्हा जात नाही, यात अडाणीपणा कुठला?

मी कुणाला मारलं नाही, पण मी ओरडलेय. खूप ओरडलेय. नोकरीतलं तिसरं वर्ष असेल. रात्री एका पहिलटकरणीला बैलगाडीतून आणलं, सोबत गावची सुईण. मी सुईणीला बाहेर व्हरांड्यात बसवलं आणि पोरीला टेबलावर उताणी निजवलं. ती आत ‘काकू, काकू’ म्हणून हाका मारत होती आणि मी तिला गप्प राहा म्हणत होते. तीन तास झाले, कळा येत होत्या, मूल जागचं हलत नव्हतं. शेवटी माझ्याहून वयानं मोठी असलेली आमची आया म्हणाली, सिस्टर, त्या म्हातारीला आत घ्या. मी चिडूनच घेतलं. म्हातारीनं हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि वरून फडकं बांधलं. मी दिलेल्या साबणानं हात धुतले, दोनदा. मग पोरीला टेबलावरून खाली उतरवलं, खिडकीचे गज धरायला लावले आणि मागं उभी राहून कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या जरा वर, तळहाताची टाच रोवून दाबू लागली. कळ आली की दाब, कळ गेली की नुसता हात फिरवायचा. तोंडानं एकच चाललेलं, ‘आलंया, आलंया, खाली आलंया.’ पोरीचा आवाज बदलला. आधी ती घशातून किंचाळत होती, आता पोटातून हुंकार यायला लागला. तासाच्या आत मूल माझ्या हातात होतं. सुईणीनं मुलाला हात लावला नाही. मी नाळ कापायला घेतली तेव्हा एवढंच म्हणाली, ‘थांबा बाई, नाळंचं नाचणं थांबू दे.’

जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्ये बाळंतपणाच्या काळजीबद्दल शिफारशी काढल्या. बाईला तिच्या पसंतीची सोबत असू द्या, कळांच्या वेळी तिला हिंडू-फिरू द्या, उताणंच पडायची सक्ती नको, मूल येताना खाली सरसकट काप देऊ नका, नाळ निदान मिनिटभर कापू नका. तो कागद वाचताना मला त्या बांधलेल्या बांगड्याच दिसत होत्या.

म्हणून आत्तींबद्दल माझं सांगणं सरळ आहे. मूल काढणं त्यांनी थांबवावं आणि बाईच्या पाठीशी उभं राहणं थांबवू नये. केंद्र सरकारनं 2016 मध्येच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला मान्यता दिली आहे. अटीही साध्या आहेत: ती नात्यातली आणि शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली बाई हवी, तिला कसला संसर्गाचा आजार नको, कपडे स्वच्छ हवेत, शेवटपर्यंत थांबायची तयारी हवी, डॉक्टर-नर्सच्या कामात हात घालायचा नाही, दुसऱ्या बाईकडे जायचं नाही. नात्याचं तेवढं डॉक्टरांना विचारावं लागेल. बाकी यातली कोणती अट आत्तींना जड आहे? वाड्यावरच्या बाईला जाऊन सांग, म्हातारी तुझ्याबरोबर आत येणार आहे, तुझा हात धरून बसणार आहे. दवाखान्याला नाही म्हणणाऱ्या कितीतरी बाया एवढ्या एका वाक्यावर उठून आलेल्या मी पाहिल्यात. मात्र आधी डॉक्टरांशी बोलून हे पक्कं करून घे. ऐन वेळी दारात वाद झाला तर त्या बाईचा उरलासुरला विश्वासही जाईल.

आत्तींशी बोलताना मात्र जपून बोल. त्या दोन दिवस जेवल्या नाहीत त्यामागं काय आहे बघ. 1977 नंतर सरकारनंच गावोगावच्या दायांना बोलावून शिक्षण दिलं, हातात पेटी दिली. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवं ब्लेड, स्वच्छ दोरा, आणि नाळेला काही लावायचं नाही, हे पाच नियम त्यांच्याकडून पाठ करून घेतले. आत्तींनीही ते घेतलं असेल, विचार त्यांना. त्याआधी नाळ कापायला विळा किंवा जे हाताशी असेल ते, आणि वर राख नाही तर शेण. बाळ आठवडाभरात दूध तोडायचं, जबडा मिटायचं, धनुष्यासारखं वाकायचं. लोक म्हणायचे, सटवाईनं नशिबात तेवढंच लिहिलं होतं. तो धनुर्वात होता. गरोदर बाईचं इंजेक्शन, दवाखान्यातली बाळंतपणं आणि स्वच्छ नाळ यांनी तो हटवला. 2015 मध्ये भारतातून माता-बालकांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. त्यात दायांच्या नव्या ब्लेडचा वाटा आहेच. त्याबद्दल आत्तींना आजवर कुणी दोन शब्द बोललं असेल असं मला वाटत नाही.

मग 2005 साल आलं. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला पैसे देणारी जननी सुरक्षा योजना आली, तुझं आशाचं पद आलं, आणि दाया एका रात्रीत नकोशा झाल्या. धोरण चुकीचं नव्हतं. शिकलेली दाईसुद्धा रक्तस्राव, झटके आणि अडलेलं मूल यांपुढं एकटी काही करू शकत नव्हती, हे तोवर उघड झालं होतं. महाराष्ट्रात 2001-03 मध्ये लाख जिवंत जन्मांमागे 149 माता दगावत होत्या, 2018-20 मध्ये 33. हे आत्तींनाही सांग, त्यांना कळेल. गेलेल्या बायका त्यांना नावानिशी आठवत असतील. पण धोरण बदलताना त्यांना समोर बसवून कुणी सांगितलं नाही की बायांनो, इथून पुढं तुमचं काम असं असेल. ते राहूनच गेलं. माझ्यासारख्या नर्सांनी ते सांगायला हवं होतं. आम्ही सांगितलं नाही, नुसतं दटावलं.

आणखी एक गोष्ट आहे, तुझ्या पत्रात नाही, तरी लिहिते. सुईणपण करणाऱ्या पुष्कळ जणी आपल्या भागात मातंग किंवा दुसऱ्या दलित घरातल्या असायच्या. रात्री बारा वाजता तिला घरात थेट बाळंतिणीच्या खोलीपर्यंत न्यायचे, नाळ-वार-विटाळ सगळं तिच्याकडून काढून घ्यायचे आणि सकाळी पायलीभर जोंधळं नि जुनेरं लुगडं उंबऱ्याबाहेर ठेवायचे. तुमचं घर कोणतं ते मला माहीत नाही. पण सुईणीला ‘घाण काम करणारी’ समजण्याची सवय तिथून आली आहे आणि पांढऱ्या कपड्यांतही ती टिकून आहे. तुझ्या सिस्टरच्या बोलण्याला तो वास होता का, हे तूच ओळखशील. आणि तुझं काय वेगळं आहे गं? आत्तींना जोंधळं, तुला कामाच्या तुकड्यामागं मोबदला. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आशांचा सन्मान केला आणि 2023 मध्ये राज्यातल्या आशांना मानधनासाठी संपावर बसावं लागलं. सासू-सुनेनं एकमेकींपुढं तोंड फिरवून बसावं असं तुमच्यात काही नाही.

आत्तींना तू ‘बंद करा’ म्हणालीस तर त्या काय म्हणतील ते मी आत्ताच सांगते. ‘एवढी वर्षं झाली, एक बी बाई मी अर्ध्यावर टाकून आलो न्हाई.’ तेव्हा ‘बंद करा’ म्हणूच नकोस. म्हण, आत्ती, वरची बाई तुमच्याशिवाय हलत नाही, तुम्ही तिला घेऊन खाली चला. मग त्या चपला शोधतील.

घरी मात्र त्यांच्याकडून काही गोष्टींचा शब्द घे. तेल लावून आत हात घालायचा नाही. मूल लवकर यावं म्हणून वरून पोट दाबायचं नाही. कळा वाढवायचं इंजेक्शन द्यायला गावात कुणी येत असेल तर त्याला दारात उभं करायचं नाही. त्या इंजेक्शनानं घरच्या घरी गर्भाशय फाटू शकतं. बाळाला गूळपाणी, मध नको आणि पहिला पिवळा चीक पिळून टाकायचा नाही, तोच पाजायचा. अंगावरून रक्त जाणं, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढं अंधारी येणं, तोंडावर सूज, झटका, ताप, बाळाची हालचाल कमी होणं, पाणी गेलं तरी कळा नसणं, यातलं काहीही कानावर आलं की त्यांनी पहिली हाक तुला मारायची. तुझ्याआधी त्यांना कळतं, कारण बायका आधी त्यांच्याकडे जातात. बाळ घरी आलं की 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी तू जातेस, तेव्हा त्यांनाही सोबत ने. या भेटींची कल्पना गडचिरोलीतून आली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथं गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी खाली आणले, 1999 मध्ये ते छापून आलं. तू वजन-तापमान घेशील, आत्ती बाळंतिणीच्या तोंडाकडे बघतील. ती रात्री रडते, सासू खायला देत नाही, छातीला गाठी आल्यात, हे त्या न विचारता ओळखतील.

मारहाणीचं सोडून देऊ नकोस. आधी त्या बाईला विचार, तुझ्या नावानं लिहू का? नको म्हणाली तर नाव घालू नकोस. महिना, रात्र की दिवस, काय बोलले, भूल न देता टाके घातले, एवढं साध्या शब्दांत एका कागदावर उतरव आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना दे. पोच घे. हललं नाही तर तालुका आरोग्य अधिकारी आणि त्या दवाखान्याची रुग्ण कल्याण समिती. एकटी जाऊ नकोस, तुझी नोकरी या लोकांच्या सहीवर चालते, हे मी विसरलेले नाही. गावच्या आरोग्य-पोषण समितीतून ठराव घेऊन जा, सरपंचांना पुढं कर. त्याच समितीच्या वर्षाच्या 10,000 रुपयांच्या अबंधित निधीतून वाड्यावरून उतरवायच्या गाडीचं भाडं बसतंय का तेही बघ. राज्यात 2007 पासून काही जिल्ह्यांत लोकांनीच सरकारी दवाखान्यांवर देखरेख ठेवायचं काम सुरू झालं. तिथल्या जनसुनावण्यांत बायका उठून, अधिकाऱ्यांसमोर, आपल्यावर काय गुदरलं ते बोलल्या आणि दवाखाने सुधारले. प्रसूतीचा, सिझरचा, औषधांचा, रक्ताचा, जेवणाचा आणि ने-आण करायच्या गाडीचा एक पैसाही 2011 पासून सरकारी दवाखान्यात लागू नये असा नियम आहे. पण नुसतं फुकट मिळून काय करायचं, तिथं माणसासारखं वागवलं नाही तर?

त्या सिस्टरला एकदा एकटी गाठून बोल. रात्री एकटी, तीन टेबलं, वर रजिस्टरं, हे मी भोगलंय. त्यानं हात उगारायचा हक्क मिळत नाही, पण कधी कधी ‘मी सोबत एक जाणती बाई आणते, ती हिला धरून बसेल, तुमचा भार हलका होईल’ असं म्हटलं की ताठ मान जरा खाली येते.

भाचीला म्हणावं, बारावी नीट दे. नर्सिंगचे कोर्स आहेत, एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन वर्षं, शिवाय 2018 पासून देशात नर्सेसना पुढं दीड वर्षाचं खास सुईणपणाचं शिक्षण देण्याचं धोरण आहे. आजीसारखं व्हायचं तर हा रस्ता. आणि तिला एकदा कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या जुन्या इमारतीसमोर उभी कर. त्या दवाखान्याचं पूर्वीचं नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. 1886 मध्ये अमेरिकेतून डॉक्टर होऊन निघालेल्या आनंदीबाई जोशींची नेमणूक तिथल्याच बायकांच्या वॉर्डावर झाली होती. त्यांनी प्रबंध लिहिला होता तो प्रसूतिशास्त्रावर. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं होतं आणि ते दहा दिवसांत गेलं होतं. कोल्हापूरला त्या कधी पोचल्याच नाहीत, 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात वारल्या. पुढं याच दवाखान्यात कृष्णाबाई केळवकरांनी बायकांवर उपचार केले, त्यांच्या पाठीशी शाहू महाराज होते. सुट्टीत भाचीला आत्तींजवळ बसव आणि त्या सांगतील ते वहीत उतरवून घ्यायला लाव. पाठ कुठं दाबायची, घाबरलेल्या पोरीशी काय बोलायचं, मूल आडवं असेल तर हाताला काय लागतं. यातलं पुष्कळ तिच्या पुस्तकात नसेल.

आणि खाली उतरायच्या पिशवीत आत्तींसाठी एक धुतलेलं लुगडं, साबण आणि बांगड्यांवर बांधायला फडकं ठेव. बाळ झालं की मला दोन ओळी लिही. मुलगा की मुलगी ते नको, वजन लिही, तिचं रक्त किती होतं ते लिही, आणि आत्ती आत होत्या की बाहेर ते लिही.